वेदनेची साक्ष कुणाची?

राजमाचीच्या पायथ्याचे कोंडाणे हे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते तेथील प्राचीन बौद्ध लेण्यांमुळे आणि पावसाळी सहलींमुळे. परंतु कर्जत तालुक्याच्या या भागात सहलीची माणसे परतल्यानंतरही माणसे राहतात. भात लावतात, कर्जतच्या बाजाराला जातात, आणि आजारी पडली की कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे किंवा थेट मुंबईकडे पाहतात. समजा, अशाच गावातील एखाद्या साठी उलटलेल्या शेतकऱ्याला कर्करोग झाला आहे. रोग मणक्यांपर्यंत पसरला आहे आणि तो बरा होणार नाही हे मुलाला कळून चुकले आहे. मुलगा त्याला पहाटे कर्जतला आणतो आणि दोन तासांचा लोकलचा प्रवास करून मुंबईतील एखाद्या मोठ्या रुग्णालयात नेतो. रांग, केसपेपर, पुन्हा रांग. आणि अखेर डॉक्टरांसमोर काही मिनिटे. "काय बाबा, कसं वाटतंय?" असे डॉक्टर विचारतात. "बरं हाय, साहेब," असे उत्तर येते. "रात्री झोपत नाहीत," असे मुलगा मागून हळूच म्हणतो. डॉक्टर क्षणभर विचार करून कागदावर लिहितात : वेदना मध्यम.

या तिघांपैकी खोटे कोणीच बोलले नाही. तरीही कागदावर जी नोंद झाली ती खरी असेलच असे नाही. आणि त्या एका शब्दावर त्या शेतकऱ्याच्या पुढच्या महिनाभराच्या रात्री अवलंबून आहेत.

रोग बरा होण्याची आशा असते तेव्हा वैद्यकाजवळ अनेक साक्षीदार असतात. क्ष-किरणाचे चित्र असते, रक्ताचा अहवाल असतो, तापमापकातील पारा असतो. रुग्ण काहीही म्हणो, ताप १०२ असेल तर तो १०२ असतो. परंतु रोग हटविण्याचे प्रयत्न थांबवून केवळ त्रास कमी करणे हेच जेव्हा उपचाराचे उद्दिष्ट ठरते, म्हणजेच ज्याला पॅलिएटिव्ह केअर अथवा उपशामक उपचार म्हणतात ते सुरू होतात, तेव्हा हे साक्षीदार एकामागून एक निघून जातात. वेदना, थकवा, मळमळ, धाप, चिंता, निद्रानाश यांतील बहुतेकांना मोजण्याचे यंत्र नाही. लक्षण हाच येथे रोग, आणि लक्षणाची नोंद हीच उपचाराची गुरुकिल्ली होय. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगातील वेदनेसाठी औषधांची जी प्रसिद्ध 'शिडी' सांगितली, तिच्या पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, दुसरीवर कोडीन आणि तिसरीवर मॉर्फिन होते. २०१८ च्या मार्गदर्शिकेत ही शिडी काटेकोर नियम राहिली नाही. परंतु वेदनेचे नेमके मूल्यमापन करूनच औषध ठरवावे हे सूत्र कायम आहे. थोडक्यात, 'मध्यम' आणि 'तीव्र' या दोन शब्दांमधील अंतर भाषेचे नाही. ते औषधाचे अंतर आहे.

परीक्षकांचे एकमत

मग प्रश्न असा की, डॉक्टरांचा अंदाज कितपत भरवशाचा असतो? गेली तीन-चार दशके जगभर या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे. पद्धत साधी आहे. रुग्णाला आपल्या वेदनेला शून्य ते दहा यांपैकी एक अंक द्यायला सांगायचे. त्याच वेळी डॉक्टर, परिचारिका आणि नातेवाईक यांनीही त्या रुग्णाच्या वेदनेला स्वतंत्रपणे अंक द्यायचा. आणि मग अंक ताडून पाहायचे. १९९१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात वेदना सौम्य असताना दोहोंचे अंक बऱ्यापैकी जुळले. परंतु ती तीव्र असताना, म्हणजे अचूक अंदाजाची निकड सर्वांत अधिक तेव्हाच, ते सर्वांत कमी जुळले. १९९९ मध्ये कॅनडातील संशोधकांनी प्रगत कर्करोगाच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात डॉक्टरांचे अंक अनेक लक्षणांच्या बाबतीत रुग्णांच्या अंकांहून खाली राहिले. २०१० मध्ये युरोपातील अनेक देशांत मिळून झालेल्या पाहणीनेही हेच दाखविले. उलटी, दिसणारी धाप अशा डोळ्यांना जाणवणाऱ्या लक्षणांत मतभेद कमी. थकवा, खिन्नता, चिंता, वेदना अशा आत दडलेल्या लक्षणांत अधिक, असा साधारण अनुभव आहे. नातेवाइकांचा कल बहुधा याच्या उलट, म्हणजे त्रास थोडा अधिक मानण्याकडे असतो; कारण त्यांच्या अंकात त्यांचे स्वतःचे जागरण आणि काळजीही मिसळलेली असते.

येथे शिक्षकवर्गाला एक परिचित प्रश्न आठवेल. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांनी तपासली तर गुण जुळतात का? जुळले तर किती जुळल्यास पुरेसे? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये या प्रश्नाला 'कप्पा' नावाच्या गुणांकाने उत्तर दिले. त्यामागचा विचार एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका वॉर्डातील १०० रुग्णांना दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासले. प्रत्येकाने २० जणांना तीव्र वेदना आहे आणि ८० जणांना ती नाही असे ठरविले. ताडून पाहता ७४ रुग्णांच्या बाबतीत दोघांचे मत जुळले. शेकडा ७४ एकमत हे कोणालाही समाधानकारक वाटेल. परंतु दोघांनीही रुग्णाकडे न पाहता, केवळ ८०-२० या प्रमाणात चिठ्ठ्या उचलल्या असत्या, तरी सरासरीने ६८ रुग्णांबाबत त्यांचे जुळलेच असते. म्हणजे योगायोगाच्या पलीकडे जे ३२ गुण मिळविता आले असते, त्यांपैकी या दोघांच्या वैद्यकीय ज्ञानाने मिळविले फक्त ६. एक पंचमांशाहूनही कमी! आणि पहिल्या डॉक्टरांनी ज्या २० जणांची वेदना तीव्र ठरविली, त्यांपैकी केवळ ७ जण दुसऱ्यांनाही तसे वाटले. उरलेल्या १३ जणांच्या नशिबी मॉर्फिन येणार की साधी गोळी, हे त्या दिवशी कोणते डॉक्टर वॉर्डात होते यावर ठरणार.

यापुढे आणखी एक सूक्ष्म भेद आहे. दोन परीक्षकांचे जुळले म्हणजे गुण बरोबर दिले गेले असे नव्हे. एखाद्या कचेरीतील सगळीच घड्याळे दहा मिनिटे मागे असतील तर त्यांच्यात संपूर्ण एकमत असेल, आणि तरीही सगळ्यांची गाडी चुकेल. एक परीक्षक कडक आणि दुसरा सैल असेल तर सरासरीने चूक काहीशी भरून निघते. परंतु सगळेच परीक्षक एकाच दिशेने चुकत असतील, आणि प्रकरण जितके गंभीर तितके अधिक चुकत असतील, तर सरासरी काढून काहीही साधत नाही. वेदनेच्या बाबतीत धोका नेमका हा आहे.

'बरं हाय' या उत्तराचा अर्थ

यात डॉक्टरांच्या सहृदयतेचा प्रश्न नाही. रोज शंभर रुग्ण पाहणाऱ्या माणसाची नजर नकळत सरावते. ओरडणारा रुग्ण त्याने पाहिलेला असतो. त्यामुळे गप्प बसलेला रुग्ण त्याला बरा वाटतो. परंतु महिनोन् महिने दुखणे सोसणारा माणूस ओरडत नाही. तो हालचाल कमी करतो, बोलणे कमी करतो, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. ताज्या दुखापतीची चिन्हे जुन्या वेदनेत शोधणे ही अनुभवी माणसाचीही नित्याची चूक आहे.

दुसरे कारण रुग्णाच्या उत्तरात आहे. 'बरं हाय' हे मराठी ग्रामीण माणसाचे उत्तर वैद्यकीय माहिती नसून शिष्टाचार आहे. मोठ्या माणसाने विचारपूस केली असता रडगाणे गाऊ नये हा त्यातील संस्कार. शिवाय दुखते म्हटले तर आणखी तपासण्या, आणखी खर्च, आणखी एक खेप. मुलाचा आणखी एक खाडा. दुखणे वाढले म्हणजे रोग वाढला, आणि तसे मान्य केले तर डॉक्टर हात वर करतील, ही भीतीही असते. अनेक घरांत रोगाचे नावच रुग्णापासून लपविलेले असते. तेथे मुलगा बापासमोर सारे बोलू शकत नाही आणि बाप मुलासमोर. स्त्रियांच्या बाबतीत तर घरातील इतरांचे आटोपल्यावर आपले दुखणे, ही रीत मरणाच्या दारापर्यंत सुटत नाही.

तिसरे कारण भाषेचे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. मराठीत दुखण्याला दुखणे एवढाच शब्द नाही. गळू ठणकते, जखम ठसठसते, पोटात कळ येते किंवा मुरडा पडतो, पाठीत उसण भरते, मानेत लचक भरते, तळपायाची आग होते, डोळे चुरचुरतात, पायाला मुंग्या येतात, काटा सलतो, हाडात सणक जाते. हे केवळ शब्दवैभव नव्हे. हे निदान आहे. आग, चमक आणि मुंग्या यांचा उच्चार होतो तेव्हा बहुधा नसेला इजा झालेली असते आणि तेथे नेहमीच्या वेदनाशामकांबरोबर निराळ्या औषधांची गरज पडते. कळ येऊन जाते ती आतड्यासारख्या पोकळ अवयवाची. ठणका बहुधा सुजेचा. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये इंग्रजीतील असेच शब्द गोळा करून मॅकगिल प्रश्नावली तयार केली आणि ती जगभर वापरली गेली. कोंडाण्याचा शेतकरी ही प्रश्नावली न वाचताही तेवढीच नेमकी माहिती देऊ शकतो. परंतु त्याची सणक आणि आग केसपेपरवर येता येता इंग्रजीतील 'पेन' या एकाच शब्दात विरघळून जाते. माहिती होती, ती नोंदीच्या वाटेवर सांडली.

रुग्णाचा शब्द तरी कितपत खरा?

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. डॉक्टरांचा अंदाज चुकतो हे मान्य. पण रुग्णाचा शब्द तरी प्रमाण कसा मानावा? एकाचा सात तो दुसऱ्याचा चार असू शकेल. लायनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्येच बजावले होते की, दोन व्यक्तींच्या सुखदुःखाची तुलना करण्याचा शास्त्रीय मार्ग नाही. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात याहून अडचणीचा मुद्दा मांडला. आयुर्मान सर्वांत चांगले असलेल्या केरळात लोक स्वतःचे आजारपण अधिक प्रमाणात सांगतात, आणि आरोग्याची स्थिती हलाखीची असलेल्या बिहारात कमी. याचा अर्थ बिहारी माणूस अधिक निरोगी असा मुळीच नव्हे. ज्याने कधी उपचार पाहिले नाहीत, तो आपल्या त्रासाला आजार म्हणतच नाही. त्याला ते जगण्याचेच लक्षण वाटते.

हा मुद्दा कर्जतच्या डोंगराकडेच्या ठाकरवाडीला आणि कातकरीवाडीला तंतोतंत लागू पडतो. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष नीट समजून घेतला पाहिजे. सेन यांचा युक्तिवाद रुग्णाचे म्हणणे टाकून द्यावे असा नाही. न सांगितलेले दुःख म्हणजे नसलेले दुःख असे मानू नये, असा त्याचा रोख आहे. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी एकाच दिशेला आहे : डॉक्टर कमी लिहितो आणि गरीब रुग्ण कमी सांगतो. दोन्ही वजाबाक्या एकाच माणसाच्या वाट्याला येतात. शिवाय उपचाराच्या खोलीत एका रुग्णाची दुसऱ्याशी तुलना करायचीच नसते. तुलना असते ती त्याच रुग्णाच्या कालच्या आणि आजच्या अंकाची. काल आठ होते आणि औषधानंतर आज तीन झाले, तर दुसऱ्या कोणाचे आठ कसे आहेत याची चिंता करण्याचे कारण उरत नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना, वेदना होते असे माणूस सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर राखावा, ही गोष्ट स्पष्टपणे नमूद केली ती याच भूमिकेतून.

अर्थात याला अपवाद आहेत. स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध अंक सांगू शकत नाही. अखेरच्या दिवसांत अनेकांची शुद्ध हरपते. चित्तभ्रमाचा एक प्रकार तर असा असतो की त्यात रुग्ण केवळ शांत आणि सुस्त दिसतो आणि तो चित्तभ्रम आहे हे डॉक्टरांच्याही ध्यानात येत नाही. तेथे निरीक्षकाला पर्याय नाही. परंतु तेथेही निरीक्षण म्हणजे मनाचा कौल नव्हे. श्वास, चेहरा, कण्हणे, अंगाची ताठरता अशा ठरलेल्या बाबी क्रमाने पाहून लिहिण्याची शिस्त पाहिजे. ज्याला बोलता येते त्याला विचारावे, ज्याला येत नाही त्याला पद्धतशीर पाहावे. अंदाज दोन्हीकडे वर्ज्य.

विचारण्याचा खर्च

पद्धतशीर विचारण्याला फार मोठे भांडवल लागत नाही. कॅनडातील एडमंटन येथे एदुआर्दो ब्रुएरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एक पानी तक्ता प्रसिद्ध केला. त्यात वेदना, थकवा, मळमळ, खिन्नता, चिंता, गुंगी, भूक, स्वास्थ्य, धाप अशा लक्षणांपुढे रुग्णाने स्वतः अंक द्यायचा असतो. आज हा तक्ता अनेक भाषांतून जगभर वापरला जातो. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयात ७६६ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाने आपली लक्षणे संगणकावर स्वतः नियमित नोंदवली आणि त्रास वाढताच परिचारिकेला सूचना गेली; दुसऱ्या गटाला नेहमीची विचारपूस मिळाली. पहिल्या गटाचे मध्यक आयुष्य ३१.२ महिने भरले, दुसऱ्याचे २६. हे रुग्ण केमोथेरपी घेणारे होते, मृत्युशय्येवरचे नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही नीट विचारणे एवढ्याच गोष्टीने पाच महिन्यांचा फरक पडत असेल, तर विचारपूस हाही एक उपचारच आहे असे म्हणावे लागते.

कोंडाण्यात संगणकाची गरज नाही. शून्य ते दहा ही मोजपट्टी शाळा न पाहिलेल्या वृद्धाला परकी वाटते. पण 'चार आणे फरक आहे', 'बारा आणे बरं वाटतं' ही भाषा ग्रामीण रुग्ण दवाखान्यात आजही आपणहून बोलतात. आणा चलनातून गेला तो १९५७ मध्ये दशमान पद्धत आल्यावर. मोजण्यातून तो गेलेला नाही. रुपयातले किती आणे दुखते, असे विचारण्यास हरकत कोणती? ही मोजपट्टी शास्त्रीय कसोटीवर घासून घ्यावी लागेल हे खरे. परंतु तसे करणे एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे काम नव्हे.

विचारणारी माणसेही गावात आहेत. २०१८ पासून सुरू झालेल्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या, म्हणजे आजच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, सेवांच्या यादीत उपशामक उपचारांचा समावेश आहे. आशा स्वयंसेविका घरोघर जाते. ती रुग्णाची बोली बोलते. सून खोलीबाहेर गेल्यावर सासू काय सांगते हे तिला ऐकू येते. आठवड्यातून एकदा तिने ओसरीवर बसून आण्यांचा हिशेब विचारला, सणक की ठणका हे रुग्णाच्याच शब्दांत लिहिले, आणि तो कागद मुंबईच्या केसपेपरला जोडला गेला, तर डॉक्टरांच्या काही मिनिटांना महिनाभराची साक्ष मिळेल. मात्र तिच्या आधीच जड झालेल्या कामात हे फुकटचे ओझे म्हणून टाकता कामा नये. विचारणे स्वस्त आहे. विचारणाऱ्याचे श्रम फुकट नाहीत.

विचारून पुढे काय?

परंतु विचारायचे आणि नंतर देण्यास काही नसायचे, यासारखी क्रूर थट्टा नाही. भारतात अफूची कायदेशीर शेती होते, तिच्यापासून मॉर्फिन बनते, आणि तरीही १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की बहुसंख्य रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ते मिळण्याची वाट सोपी झाली. मात्र कायदा बदलला म्हणून डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीची भीती आणि सवय एकदम बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना उपशामक उपचारांची गरज असते आणि ते मिळतात फक्त १४ टक्क्यांना.

महाराष्ट्राला या क्षेत्रात परंपरा नाही असे नव्हे. देशातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये डॉ. ल्युईस जोसे डिसूझा यांनी उभे केले. टाटा रुग्णालयात उपशामक उपचारांचा विभाग १९९६ मध्ये सुरू झाला. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ मध्ये निघाले. परंतु १९९३ मध्ये कोझिकोड येथे डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी आरंभलेले काम केरळात पंचायतींपर्यंत आणि शेजारच्या स्वयंसेवकांपर्यंत उतरले, आणि २००८ मध्ये ते राज्याचे धोरण झाले. महाराष्ट्रात मात्र हे ज्ञान मुख्यतः मोठ्या शहरांतच साचून राहिले. कर्जतहून परळला लोकल आहे. परळचे ज्ञान कर्जतला आणणारी गाडी अजून नियमित सुटत नाही.

मॉर्फिनचा साठा, प्रशिक्षित परिचारिका आणि वाहन यांसाठी पैसा लागेल, आणि त्यासाठी अर्थसंकल्पात झगडावे लागेल. परंतु पहिली सुधारणा पैशांची वाट पाहत नाही. केसपेपरवर वेदनेच्या रकान्यात डॉक्टरांच्या अंदाजाऐवजी रुग्णाने स्वतः दिलेला अंक आणि रुग्णाचा स्वतःचा शब्द लिहिला जावा, आणि पुढच्या खेपेस तो पुन्हा विचारला जावा, एवढ्यासाठी नवे खाते निर्माण करावे लागत नाही. न्यायालयात ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याची साक्ष प्रथम नोंदवितात, पाहणाऱ्याची नंतर. रुग्णालयात हा क्रम उलटा असण्याचे काहीच कारण नाही. कोंडाण्याच्या त्या शेतकऱ्याच्या केसपेपरवर 'वेदना मध्यम' याऐवजी 'रात्री चौदा आणे. मणक्यात सणक, पायाला आग' असे लिहिले गेले, तर डॉक्टरांची लेखणी बहुधा दुसऱ्या औषधाकडे वळेल. आणि संध्याकाळच्या कर्जत गाडीने परतणारा तो बाप त्या रात्री कदाचित झोपेल.